देशावर, कोकणात आणि मधल्या डोंगरावर

मराठी माणूस देशावर चढतो आणि कोकणात उतरतो. प्रत्ययसुद्धा ठरलेले आहेत. 'कोकणावर गेलो होतो' असं कोणी म्हणत नाही, आणि 'देशात आलो' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं हा दुबईहून परतला. घाट चढण्याउतरण्याचे सगळे कष्ट आपण एका 'वर'मध्ये आणि एका 'त'मध्ये भरून ठेवले आहेत. 'वऱ्हाडात', 'खानदेशात', 'मराठवाड्यात' म्हणताना तिथे डोंगर चढायचा की उतरायचा याची भाषेला पर्वा नसते. सह्याद्रीच्या धारेपाशी मात्र ती फार काटेकोर होते.

महाबळेश्वराला हे दोन्ही प्रत्यय एकाच कड्यावर येऊन भेटतात. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं, आणि देवळाबाहेर पडल्यावर त्यांची वाटणी होते. कृष्णा वाईकडे जाते, वेण्णा मेढ्यावरून साताऱ्याजवळ माहुलीला तिला मिळते, कोयना दक्षिणेला पळत जाऊन कऱ्हाडला भेटते, आणि या तिघी मिळून बंगालच्या उपसागराचा लांबचा पल्ला गाठतात. सावित्री मात्र कड्यावरून थेट उडी घेते, आणि महाडवरून बाणकोटला अरबी समुद्रात जाऊन मोकळी होते. एकाच पावसाचं पाणी. पडलं कुठे त्यावर ते देशाचं की कोकणाचं हे ठरतं.

ऑर्थर सीटच्या कड्याशी एक म्हातारबाबा मक्याची कणसं भाजतात. अर्धं लिंबू तिखटमिठात बुडवायचं आणि कणसावरून दाबून फिरवायचं, की दाण्यादाण्यातून चर्र आवाज येतो. त्यांना सहज विचारलं, "बाबा, हे खाली दिसतं ते काय?"

"कोकान. ती सावित्री न्हवं का! तकडं पोलादपूर, म्हाड."

"म्हणजे आपण उभे आहोत तो देश."

लिंबू फिरवायचं थांबलं. "द्येस? द्येस तकडं, पसरणी उतरल्याव, वाईच्या फुडं. ह्यो डोंगूर हाय."

मला हे उत्तर फार आवडलं. पोलादपूरच्या माणसाच्या लेखी आंबेनळीचा घाट चढला की देश सुरू होतो. वाईच्या माणसाच्या लेखी पसरणीचा घाट चढला की देश संपतो आणि डोंगर लागतो. खुद्द डोंगरावर जन्म काढलेल्या माणसाच्या पायाखाली यातलं काहीच नाही. देश एकीकडे, कोकण दुसरीकडे. प्रदेशाचं नाव जमिनीत रोवलेलं नसतं. ते बोलणाऱ्याच्या उभं राहण्याच्या जागेवरून फेकलेलं असतं, आणि बोलणारा हलला की नावही हलतं.

माझी थोरली चुलती पोलादपूरकडची, वाईला दिलेली. 'मला देशावर दिली' असंच ती सांगायची, जणू सासर म्हणजे एखादा उंच ओटा होता. वाईच्या आळीत ती जन्मभर 'कोकणातल्या काकू' राहिली. तिच्या हातच्या तांदळाच्या भाकरीचं कौतुक व्हायचं आणि आमटीतल्या आमसुलाला नाकं मुरडली जायची. माहेरी गेली की तिथल्या भावजया तिला 'घाटावरच्या वन्सं' म्हणत. बाई एकच, आणि दोन्हीकडे पलीकडचीच. पुढे तिचा मुलगा मुंबईला गिरणीत लागला तेव्हा तिसरं नाव मिळालं: घाटी. गिरणगावात रत्नागिरीचे आणि साताऱ्याचे कामगार खच्चून भरलेले. एक कोकणी, दुसरा घाटी. 'घाट' हा शब्द डोंगरातल्या वाटेचा, त्यावरून वाटेपलीकडच्या मुलखाचा आणि मुलखावरून माणसाचा झाला, आणि मुंबईने त्याची शिवी केली. डोंगर चढून आल्याबद्दल शिवी खाणारे लोक जगात फार नसावेत.

मुंबईचं आणखी एक नवल आहे. गणपतीला मुंबईकर 'कोकणात' जातो. गाड्यांची आरक्षणं मिनिटांत संपतात, महामार्ग तुंबतो. आणि सरकारी कागद उघडावा तर मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सातही जिल्हे मिळून कोकण विभाग. म्हणजे दादरला गाडीत बसलेला माणूस कोकणातून कोकणातच निघालेला असतो. शिलाहारांच्या काळात ठाणे-सोपारा हे उत्तर कोकणाचं नाक होतं. मुंबई वाढत गेली तशी तिने आपल्या आसपासच्या भूमीवरचं ते नाव झटकून दक्षिणेकडे ढकललं. आता ते पनवेलच्या पुढे कुठेतरी सुरू होतं, आणि सावंतवाडीच्या माणसाला विचाराल तर खरं कोकण म्हणजे तळकोकण. बाकीच्यांनी उगाच हक्क सांगू नये.

मावळाची गत याहून गमतीची. मावळ म्हणजे मावळतीकडचा, घाटमाथ्याला टेकलेला दऱ्याखोऱ्यांचा पट्टा. पुण्याखालची बारा मावळं शिवचरित्रामुळे शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. इंग्रजी अमलात आणि नंतर हे नाव आकसत वडगावच्या एका तालुक्यापुरतं उरलं. मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीला मावळ नावाचा लोकसभा मतदारसंघ अवतरला. त्यात मावळ तालुका आहे, पिंपरी आणि चिंचवड आहे आणि पनवेल, कर्जत, उरणही आहे. उरणच्या खाडीत जाळं टाकणारा कोळी आज मावळचा खासदार निवडून देतो. शिवकाळात मावळ घाट उतरून कोकणात येणं म्हणजे मोहीम असायची; आता एका अधिसूचनेत काम झालं.

नावांची ही घसरण मी ज्या कड्यावरून पाहतो, त्याच्या पायथ्याशीच तिचा सर्वांत मोठा दाखला पडला आहे. जावळी. चंद्रराव हा आदिलशाहीने दिलेला किताब मिरवणाऱ्या मोऱ्यांची जावळी ही एक दौलत होती. कोयनेचं खोरं तिच्यात, पार घाट तिच्यात, आणि घाटाखालची रायरीसुद्धा तिच्यात, जी पुढे रायगड झाली. म्हणजे जावळी देशावरही होती आणि कोकणातही. दोन्ही प्रत्यय खिशात घालून बसलेलं ते राज्य होतं, आणि म्हणूनच १६५६ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी ते घेतलं तेव्हा घाटाच्या दोन्ही दारांच्या किल्ल्या हाती आल्या. जवळजवळ चार वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ ला, अफजलखान प्रतापगडाखाली आला तो याच जावळीत ओढला गेला. 'जावळीच्या जंगलात' हे शब्द कीर्तनकाराच्या तोंडून ऐकले की अजून अंगावर काटा येतो.

पुढे जावळीचा सुभा झाला. इंग्रजी अमलात तालुका झाला, ठाणं मेढ्याला गेलं, आणि मालकमपेठ म्हणजे आपलं महाबळेश्वर हा त्या तालुक्याचा एक पेटा होता. मग महाबळेश्वरचं वजन वाढलं, त्याचा वेगळा तालुका झाला. आज परिस्थिती अशी की जावळी तालुका आहे, त्याचं ठाणं मेढा आहे, आणि प्रतापगडाच्या बगलेतलं खुद्द जावळी गाव महाबळेश्वर तालुक्यात आहे. जावळीची जावळी जावळीत नाही. हे वाक्य मी मुंबईच्या एका प्राध्यापक मित्राला ऐकवलं, तर तो म्हणाला, हे चीनमध्ये शोभेल.

त्याचा रोख होता च्यांगशी प्रांताकडे. चीनच्या प्रांतांची नावं आपल्याला मंत्रासारखी वाटतात, पण बरीचशी आपल्या 'वरच्या आळी, खालच्या आळी'सारखी साधी दिशादर्शक आहेत. च्यांगशी म्हणजे 'नदीच्या पश्चिमेकडचा'. नकाशा पाहावा तर प्रांत यांगत्से नदीच्या दक्षिणेला. झालं असं की तांग राजवटीत नदीच्या दक्षिणेकडच्या मुलखाला च्यांगनान, म्हणजे 'नदीदक्षिण' म्हणत. आठव्या शतकात त्याचे भाग पाडले, तेव्हा एक 'नदीदक्षिण पूर्व' झाला आणि एक 'नदीदक्षिण पश्चिम'. लोकांनी बोलताना मधलं 'दक्षिण' गाळलं आणि राहिली 'नदीपश्चिम'. शानतुंग म्हणजे 'डोंगराच्या पूर्वेकडचा'. पण कोणता डोंगर? ख्रिस्तपूर्व काळात, छिन राज्य पश्चिमेच्या खिंडीआड बसलेलं असताना, त्या खिंडीच्या पूर्वेची सगळी राज्यं म्हणजे शानतुंग. अर्ध्याअधिक तेव्हाच्या चीनला ते एक नाव होतं. पुढे डोंगर बदलला, तायहांग झाला. बाराव्या शतकात कारभाराच्या नकाशावर ते नाव समुद्राकडच्या मुलखाला चिकटलं आणि तिथेच राहिलं. मूळ डोंगर दृष्टिआड झाला तरी 'पूर्व' मात्र शिल्लक आहे.

आणि च्यांगनानचा प्रवास तर जावळीच्या बरोबर उलट्या दिशेने झालेला. हान राजवटीत नदीच्या मधल्या पट्ट्याखालचा, आजच्या हूनानकडचा दलदलीचा मागास मुलूख म्हणजे च्यांगनान. हजारएक वर्षांत वस्ती, भात, रेशीम आणि कविता खालच्या अंगाला सरकल्या आणि नावही त्यांच्यामागे गेलं. आता च्यांगनान म्हटलं की सुचौ, हांगचौ, कालवे, कमानीचे पूल, चहा. छिंग राजवटीने या नावाचा प्रांत केला आणि सतराव्या शतकातच तो मोडून दोन प्रांत केले. सरकारने नाव सोडून दिलं, लोकांनी नाही. यांगचौ शहर नदीच्या उत्तरेला आहे, तरी रसिकतेच्या हिशेबात तेही 'नदीदक्षिणे'त मोजलं जातं. नदीच्या उत्तरेचं दक्षिण! नाव एकदा भूगोलातून सुटलं की स्वभावाचं होतं, ते असं.

चीनचा विषय महाबळेश्वरी काढणं आगंतुक वाटेल, पण चिनी माणसं इथे आमच्या आजोबांच्या आजोबांआधी येऊन गेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी पेनांग-मलाक्का-सिंगापूरकडच्या कैद्यांसाठी इथे तुरुंग चालवला. शंभरावर कैद्यांची सोय होती. नावाला तुरुंग, माणसं बरीचशी मोकळी. इथले बरेच रस्ते त्यांनी बांधले. बागांतून बटाटा आणि विलायती भाज्या पिकवल्या, इथल्या माळ्यांना ती शेती शिकवली, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला आणि उरलेल्यांना परवान्यावर मोकळं सोडलं. कैद्यांत मलायी होते तसे चिनी होते, पण बागांना, धबधब्याला आणि आठवणीला एकच नाव चिकटलं: चायनामन. चायनामन फॉल आजही सहलींच्या यादीत असतो. त्या काळी मलायाकडे गेलेले चिनी बहुतेक क्वांगतुंग आणि फूच्येनचे; स्वतःला ते आपापल्या गावचे, बोलीचे म्हणवत. 'चीन' हे त्यांच्यासाठी बाहेरच्याने दिलेलं नाव होतं, जसं मुंबईच्या फलाटावर उतरेपर्यंत माझ्या चुलतभावाला आपण 'घाटी' आहोत हे माहीत नव्हतं.

त्यांचं स्वतःचं जुनं नाव चुंगक्वो, मधला देश. सुरुवातीला पीत नदीकाठच्या मोजक्या राज्यांपुरतं ते होतं, पुढे पसरत पसरत अख्ख्या देशाचं झालं. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी बौद्ध यात्रेकरू फाहियान भारतात आला तेव्हा त्याने एक अजब गोष्ट केली. बौद्धांच्या हिशेबात जगाचा मध्य म्हणजे गंगा-यमुनेचा मध्यदेश. फाहियानने त्याचं भाषांतर सरळ 'चुंगक्वो' असं केलं आणि स्वतःच्या मायभूमीला सीमेवरची भूमी म्हटलं. बुद्धाच्या दारात उभं राहिल्यावर मधला देश कोणता, हे त्याच्यापुरतं बदललं. एवढा मोठेपणा मी दुसऱ्या कुठल्या प्रवाशाच्या नकाशात पाहिला नाही.

आपल्याकडे मोठेपणाऐवजी कारकुनी जास्त. 'पश्चिम महाराष्ट्र' हे नाव घ्या. वर्तमानपत्रात ते रोज असतं. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर. ऊस, दूधसंघ, पतपेढ्या, कुस्त्या आणि मंत्रिपदं. यात पश्चिमेचं काय? महाराष्ट्राच्या खऱ्या पश्चिमेला कोकण आहे, आणि ते यात धरत नाहीत. सोलापूर तर पूर्वेला तेलंगणाच्या वाऱ्यात उभं. हे नाव नागपुराहून आणि औरंगाबादेहून पाहिलं तरच कळतं: विदर्भ आणि मराठवाडा सामील होण्याआधीचा, जुन्या मुंबई इलाख्यातला मराठी भाग, तो पश्चिम. त्यातून कोकण गळलं, खानदेश 'उत्तर महाराष्ट्र' म्हणवू लागला आणि जे उरलं ते साखरेच्या पाकात घट्ट झालं. आज 'पश्चिम महाराष्ट्राचं राजकारण' म्हटल्यावर कोणी होकायंत्र शोधत नाही.

राज्यघटनेत याहून मजा आहे. कलम ३७१ च्या दुसऱ्या पोटकलमात महाराष्ट्राचे तीन भाग येतात: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. त्यावरून १९९४ मध्ये विकास मंडळं झाली, तेव्हा एकाचं नाव 'उर्वरित महाराष्ट्र विकास मंडळ' ठेवलं. शाहू महाराजांची राजधानी सातारा, पेशव्यांचं पुणे, शिवाजी महाराजांचे रायगड आणि प्रतापगड, सगळे 'उर्वरित'. अनुशेष जिथे मोठा होता त्या दोन भागांना नावं लागत होती, बाकीच्याला लागली नाहीत, हे कारण मला कळतं. तरी अजिंक्यताऱ्यावर उभं राहून 'मी उर्वरितातला' असं म्हणून पाहावं. तोंडातून निघत नाही.

साताऱ्याने तसं नावाचं दुःख आणखी एकदा सोसलं आहे. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली, तेव्हा १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा खालचा भाग आणि पटवर्धनांची संस्थानं वगैरे एकत्र करून नवा जिल्हा केला आणि त्याला नाव दिलं 'दक्षिण सातारा'. चिनी कारकुनाला शोभणारं नाव. ज्या शहरात कचेरी बसली ती सांगली, स्वतःचं संस्थान, स्वतःचा गणपती, स्वतःच्या नाटकाचा इतिहास असलेली. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचा नारळ फोडला तो तिथे. तिने अकरा वर्षं दुसऱ्या गावाची दक्षिण म्हणून काढली. १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर, त्याच वर्षी जिल्ह्याचं नाव सांगली झालं आणि सांगलीकरांनी सुटकेचा श्वास सोडला असणार.

पण त्यातून इतिहासाच्या वाचनात एक पेच पडला. १९४२ नंतरचं 'साताऱ्याचं प्रतिसरकार' पुस्तकांत याच नावाने येतं. त्याचे कर्ते क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. ते गाव आज सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. चळवळीचा मोठा अड्डा कुंडल, तेही आज सांगलीत, आणि तेव्हा तर ते औंध संस्थानात होतं. 'औंध' म्हणावं तर पुण्याची पोरं आयटी कंपन्यांशेजारचं औंध समजतात. यमाईच्या डोंगराखालचं, पंतप्रतिनिधींचं औंध त्यांना माहीत नसतं. म्हणजे 'साताऱ्याचं प्रतिसरकार' या दोन शब्दांत आजच्या सांगलीतली गावं, कालचं औंध संस्थान आणि परवाचा अखंड सातारा असे तीन नकाशे एकावर एक पडले आहेत. तळटीप न देता हे वाक्य पाठ्यपुस्तकात छापणाऱ्याला मुलं दर वर्षी तोच प्रश्न विचारत असतील.

सांगलीच्याही खाली उतरलं की नावं आणखी उसळतात. शिवाजी महाराज १६७७ मध्ये 'कर्नाटकाच्या स्वारी'वर गेले आणि त्यांनी जिंजी घेतली, वेल्लोरला वेढा घातला. दोन्ही ठिकाणं आज तमिळनाडूत. राजाराम महाराज जिंजीला गेले तेही बखरींच्या भाषेत कर्नाटकातच. इंग्रजांचं 'कर्नाटिक' तर अर्काटच्या नबाबाचं, सगळं पूर्व किनाऱ्याचं. आज ज्याला आपण कर्नाटक म्हणतो त्याला ते नाव १९७३ मध्ये मिळालं. तोवर ते म्हैसूर राज्य होतं. आणि त्यातला धारवाड-बेळगाव-विजापूरचा पट्टा मुंबईतल्या इंग्रजांच्या दृष्टीने 'सदर्न मराठा कंट्री' होता. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे नावाची कंपनी निघाली, तिची कचेरी धारवाडला. तोच पट्टा पुढे बेंगळुरूहून 'मुंबई कर्नाटक' झाला आणि २०२१ मध्ये 'कित्तूर कर्नाटक'. ज्वारीच्या त्याच काळ्या रानाला दीडशे वर्षांत तीन नावं, आणि पहिली दोन नावं देणारे तरी तिथे राहत नव्हते. बेळगावच्या बाजारात या नावांवरून अजून डोकी तापतात. तिथे कोणतं नाव घ्यावं हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागतं, असं तिकडचे माझे आप्त सांगतात.

एखादं नाव मुलूख सोडून नुसता अर्थ म्हणून उरतं, ते 'मोगलाई'त दिसतं. दिल्लीचे मोगल दुबळे झाले, निजाम हैदराबादेत स्वतंत्र झाला, तरी सोलापूर-नगरकडच्या सरहद्दीवरची माणसं निजामाच्या मुलखाला मोगलाईच म्हणत राहिली, थेट १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत. 'बहीण मोगलाईत दिलीय' हे तेव्हाचं साधं वाक्य. आता तो मुलूख मराठवाडा झाला आणि 'मोगलाई' मुलखावरून उठून थेट म्हणीत बसली. ग्रामपंचायतीत कोणी मनमानी केली की म्हणतात, 'ही काय मोगलाई लागून गेली आहे?' बोलणाऱ्याला त्या शब्दाखाली कधी एक सरहद्द होती, नाकं होतं, जकात होती, हे ठाऊकही नसतं.

खुद्द 'महाराष्ट्र' या नावाचा पैसही असाच लवचिक होता. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य राजा पुलकेशी तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हटला आहे, म्हणजे तेव्हा तीन होते. त्याच पुलकेशीच्या राज्यात काही वर्षांनी चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग आला, त्याने ते नाव आपल्या लिपीत मो-हो-ला-छ असं काहीसं बसवलं आणि इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचं लिहून ठेवलं. पुढे हे नाव शतकानुशतकं धर्माचं, भाषेचं, मनातल्या मुलखाचं राहिलं. राज्याच्या शिक्क्यावर ते उमटलं १ मे १९६० ला. एवढा काळ बिनसरकारचं टिकलेलं नाव सहसा पक्कं असतं.

आमच्या भागात असं एक नाव आहे, त्याला सरकारने आजवर हात लावलेला नाही: माणदेश. माण नदीच्या दोन्ही काठांचा कोरडा मुलूख. साताऱ्यातले माण-खटाव, सांगलीतलं आटपाडी, सोलापुरातलं सांगोलं, कोणी जतही धरतं. तीन जिल्ह्यांत चिरलेला, पण नाव एक. त्याची हद्द कोणी आखली नाही. पाऊस जिथे रुसतो तिथे माणदेश सुरू होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडकडे पाचशेची मारामार. 'माणदेशी' म्हणजे पूर्वी मेंढरं हाकत, खडी फोडत गाव सोडणारा माणूस. १९४९ मध्ये व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' आली आणि त्या शब्दाला चेहरे मिळाले. १९९७ मध्ये म्हसवडच्या बायकांनी बँक काढली, तिचं नाव माणदेशी ठेवलं. दुष्काळाचं नाव पतीचं झालं, बाजारातल्या पतीचं. हे कुठल्या अधिसूचनेने होत नाही.

आता राहिलं महाबळेश्वर. मूळचं महाबळेश्वर म्हणजे क्षेत्र: महाबळेश्वराचं आणि पंचगंगेचं देऊळ, त्याभोवतीची वस्ती. १८२० च्या दशकाअखेर गव्हर्नर सर जॉन माल्कमने साताऱ्याच्या छत्रपतींकडून वाईकडचं खंडाळा देऊन ही जागा घेतली आणि काही मैलांवर नवी पेठ वसवली, ती मालकमपेठ. साहेबांनी कडे वाटून घेतले. ज्याला आधी सिडनी पॉइंट म्हणत तो लॉडविक झाला, माउंट ऑलिंपियाचं कॅनॉट पीक झालं. एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, फॉकलंड, कार्नॅक, सगळे मुंबईहून आलेले. बॉम्बे पॉइंटवरून मुंबई दिसत नाही. मुंबईचा जुना रस्ता तिथून जायचा, म्हणून ते नाव. धनगरांनी आणि कोळ्यांनी त्या कड्यांना काय म्हटलं होतं, ते गॅझेटियरच्या कंसात तरी थोडंफार उरलं.

मालकमपेठेला मात्र माल्कमचं नाव पचलं नाही. लोक तिला महाबळेश्वर म्हणू लागले, हॉटेलं त्याच नावाची झाली, एसटीच्या पाट्याही. मग देवळाच्या गावाला वेगळं ओळखायची गरज पडली आणि ते झालं 'जुनं महाबळेश्वर'. ज्याचं नाव घेतलं त्यालाच विशेषण लावून बाजूला बसवलं.

हे सगळं पचवून झाल्यावर आता तिसरं येऊ घातलं आहे. कोयनेच्या जलाशयाच्या अंगाला, सातारा, पाटण आणि जावळी या तालुक्यांतली गावं घेऊन राज्य सरकारने 'नवीन महाबळेश्वर' नावाचा गिरिस्थान प्रकल्प हाती घेतला. रस्ते, पर्यटन, रोजगार हे बरं की वाईट, त्यावर तिथल्या माणसांनी बोलावं. धरणाने आधीच एकदा उठवलेली ती माणसं आहेत. मी नावापुरतं बोलतो. तिथे महाबळेश्वराचं देऊळ नाही, पंचगंगा नाही. ते नाव तिथे नेण्याचं कारण एकच, की मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला ते ओळखीचं आहे. म्हणजे पुन्हा एकदा नाव देणारा खाली, लांब, गाडीत बसलेला.

आणि त्या मुलखाला नाव नाही असं थोडंच आहे! मोऱ्यांच्या काळापासून कोयनेच्या त्या खोऱ्याला एक नाव होतं, साडेतीनशे वर्षांपूर्वी सारी दख्खन ते नाव ओळखत होती. तालुक्यांच्या वाटणीत ते आपल्याच गावाबाहेर पडलं आहे आणि सध्या मेढ्याच्या कचेरीच्या पाटीपुरतं उरलं आहे. प्रकल्पाचे कागद अजून हलताहेत, पाट्या रंगायच्या आहेत. ज्यांच्या हातात ब्रश आहे त्यांना एवढीच विनंती, की 'नवीन महाबळेश्वर' खोडा आणि जावळी लिहा.